घरगुती यंत्रावर म्हातारीचे केस: खान्देशच्या हवेत आणि खान्देशच्या व्होल्टेजवर

कॉटन कँडीचं घरगुती यंत्र पहिल्या दिवशी झकास चालतं आणि महिन्याभराने त्याच साखरेतून नुसते चिकट गोळे निघतात, ही तक्रार नेहमीची. यंत्र दुकानात परत नेलं, तर तिथे ते पुन्हा नीट चालतं. दोष बहुतेक वेळा यंत्रात नसतोच. हवा दमट असते, व्होल्टेज पडलेलं असतं, नाहीतर साखर चुकीची असते. या तीन गोष्टी आधी जमवून घेतल्या, तर पुढची कृती दहा वर्षांच्या पोरालाही समजेल इतकी सोपी आहे (त्याच्या हातात यंत्र मात्र देऊ नये, ते पुढे येईलच).

आत काय घडतं

खालच्या डब्यात मोटर आणि हीटर असतो. मोटरच्या दांड्यावर ॲल्युमिनियमची लहानशी वाटी बसते, तिला हेड म्हणतात. तिच्या कडेला बारीक भोकं किंवा चिरा असतात. भोवती मोठं प्लॅस्टिकचं नाहीतर स्टीलचं भांडं. हेडमधली साखर हीटरच्या आचेने वितळते. शुद्ध साखर साधारण १८६ अंश सेल्सिअसला वितळते. हेड गरगर फिरत असल्यामुळे पाक बाहेर फेकला जातो, भोकांतून धाग्यासारखा निघतो आणि बाहेरची हवा लागताच तिथल्या तिथे गोठतो. गोठणं इतकं झटपट होतं, की साखरेला पुन्हा दाणा धरायला सवडच मिळत नाही. म्हणून हा धागा काचेच्या जातीचा घन पदार्थ असतो आणि पाणी ओढायला कायम टपलेला असतो. ओट्यावर सांडलेले साखरेचे दाणे दिवसभर कोरडे राहतात. त्याच साखरेचा धागा मात्र दमट हवेत बघता बघता बसतो आणि चिकटतो, त्याचं कारण हेच.

विजेवर चालणारं हे यंत्र १८९७ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये विल्यम मॉरिसन आणि जॉन व्हार्टन या दोघांनी तयार केलं. व्हार्टन मिठाईवाले होते, आणि मॉरिसन चक्क दातांचे डॉक्टर. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी या मिठाईचे ६८ हजारांहून जास्त डबे विकले. यंत्राचं मूळ तत्त्व तेव्हापासून आजपर्यंत बदललेलं नाही.

हवा: कधी करावं, कुठे करावं

हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर असेल, तर उघडा ठेवलेला गोळा तासाभरात खाली बसतो. ४५ टक्क्यांच्या आसपास तो दिवसभर तग धरतो. त्याहून कोरड्या हवेत आणखी टिकतो. या हिशेबाने खान्देश या पदार्थाला फार सोयीचा मुलूख आहे. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतची कोरडी थंडी उत्तम. आणि ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो तो एप्रिल-मेचा उन्हाळाही चांगलाच, कारण भुसावळ-जळगावकडचं ऊन कितीही पेटलं तरी हवा कोरडी असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, घर पोरांनी भरलेलं असतं. तेव्हा यंत्र काढायला काहीच हरकत नाही.

अट एकच, कूलर बंद. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार हवा पाण्याने भरलेली असते. कूलरसमोर यंत्र लावलं, की बाहेर ४४ अंशांचा कोरडा उन्हाळा असूनही खोलीत पावसाळा होतो. कूलर निदान अर्धा तास आधी बंद करून खिडक्या उघडाव्यात, नाहीतर सरळ ओसरीवर बसावं. पंखाही बंदच हवा. तो धागे भांड्याबाहेर उडवतो आणि हेडही गार करतो. स्वयंपाकघर टाळा. कुकरची वाफ आणि भाकरीच्या तव्यावरची वाफ, दोन्ही इथे शत्रू आहेत.

पावसाळ्यात, म्हणजे कानबाईच्या रोटांच्या दिवसांत, यंत्र लावायचंच असेल, तर एसीच्या बंद खोलीत लावा आणि गोळा निघाल्याबरोबर खायला द्या. साठवणुकीचा विचारही करू नका. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असेल, तर हवा कोरडी मिळते, पण वारा सगळे धागे बांधावर नेऊन टाकतो. तीन बाजूंनी आडोसा केल्याशिवाय उघड्या रानात ते जमत नाही.

वीज: इथेच अर्धे लोक फसतात

घरगुती यंत्रं साधारण ४०० ते ५०० वॉटची असतात. म्हणजे २३० व्होल्टला दोन ॲम्पियरच्या आसपास. साधा तीन पिनांचा छोटा प्लग पुरतो, पण अर्थिंग खरोखर जोडलेलं असावं. ॲल्युमिनियमचं फिरतं हेड, खाली हीटर आणि शेजारी हात, अशा जागी अर्थिंगशिवाय काम करू नये. दोन पिनांचा जुगाड तर नकोच.

आता व्होल्टेज. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे १९० व्होल्ट झाले, तर कमी झालेलं व्होल्टेज १७ टक्के, पण उष्णता ३२ टक्क्यांनी घटते. ४५० वॉटचा हीटर ३०७ वॉटवर येतो. हेड फिरताना दिसतं, मोटरचा आवाजही नेहमीसारखाच वाटतो, पण साखर अर्धवट वितळते आणि धाग्यांऐवजी जाड थेंब भांड्यावर टपटपतात. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर सुरू झाले, की असं होतं. मळ्यातल्या घरी शेतीपंप चालू असताना तर हमखास होतं. साधा मल्टीमीटर घेऊन सॉकेटवर व्होल्टेज मोजा. २१० च्या खाली असेल तर एक केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा, नाहीतर सकाळी किंवा दुपारी काम उरका. इन्व्हर्टरवर चालवायचं झालं तर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर मोटर घुमते आणि तापते.

बाहेरदेशातून कुणी आणलेलं यंत्र असेल, तर मागची पट्टी आधी वाचा. ११० व्होल्टचं यंत्र आपल्या सॉकेटला लावलं, तर हीटरवर चौपट भार येतो आणि काही सेकंदांत तो जळतो.

साखर

बाजारात साखर एस आणि एम अशा दाण्याच्या प्रतींत मिळते. एस म्हणजे लहान दाणा, एम म्हणजे मध्यम. या कामाला एम घ्यावी. किराणा दुकानात ‘जाड दाण्याची’ म्हणून मागितली तरी मिळते. लहान दाणा वितळायच्या आधीच भोकांतून बाहेर उडतो आणि भांड्यात वाळू पडल्यासारखा आवाज येतो. घरात एसच असेल तर ती बारीक चाळणीने चाळून खालचा भुगा चहाला वापरा, वरची साखर यंत्राला. पिठीसाखर अजिबात नको. ती काही उडते, काही भोकांत अडकून जळते.

डबा उघडा राहिलेला असेल, तर साखर स्टीलच्या ताटात पातळ पसरून तासभर उन्हात ठेवा. ढेकळं हाताने फोडून मगच वापरा.

गूळ चालत नाही. त्यात ओल असते, फळसाखर-द्राक्षसाखर असते, क्षार असतात. तो धागा धरण्याआधीच करपतो आणि हेड खराब करतो. मधाचंही तेच. खडीसाखर मात्र चालते, कारण ती शुद्ध साखरच आहे. खलबत्त्यात एम साखरेच्या दाण्याएवढी कुटायची आणि भुगा चाळून टाकायचा. कडक, पारदर्शक गोळ्याही चालतात, पण ज्या यंत्राच्या पत्रकात तसं लिहिलं असेल त्यातच. एका वेळी दोन गोळ्या, जाडसर फोडून. दूध, लोणी किंवा चॉकलेट असलेली टॉफी टाकली, तर जळकट थर घासून काढण्यात अख्खी दुपार जाते.

स्वादासाठी वेलदोड्याची पूड, केशर, सुंठ असलं काही साखरेत मिसळू नका. पूड वितळत नाही, भोकांपाशी साचून जळते. त्यापेक्षा पाव किलो साखरेत सहा-सात वेलदोडे फोडून, सालीसकट टाका. बरणी घट्ट बंद करून आठवडाभर ठेवा आणि वापरायच्या आधी चाळून घ्या. वास साखरेला लागलेला असतो, ओल किंवा पूड लागलेली नसते. पूर्ण वाळवलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्यांचंही असंच. आंबट चवीसाठी लिंबूसत्त्व टाकायचा मोह होतो, तो आवरा. आंबटपणा तापलेल्या साखरेची फोड करतो आणि अशी फुटलेली साखर जास्तच ओल ओढते. गोळा लवकर चिकटतो.

रंगाबद्दल थोडं सविस्तर. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरीने आणि पाठोपाठ तामिळनाडूने कॉटन कँडीच्या विक्रीवर बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला होता. जत्रेतला तो भडक, चमकणारा गुलाबी रंग पाहून मुलं तोच मागतात. घरी तो आणण्याच्या नादात सुट्टा रंग कधीही घेऊ नका. पुडीवर रंगाचं नाव, खाद्य परवान्याचा क्रमांक आणि तारीख छापलेली असावी. गुलाबीसाठी परवानगी असलेले रंग म्हणजे एरिथ्रोसिन आणि कार्मोइसिन. पिवळ्यासाठी टार्ट्राझिन, निळ्यासाठी ब्रिलियंट ब्लू. मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम शुद्ध रंग, म्हणजे पाव किलो साखरेला फक्त २५ मिलिग्रॅम. काडेपेटीतल्या काडीच्या टोकावर मावेल, तेवढाच घ्या. अर्धा चमचा पाण्यात तो विरघळवा, साखरेवर शिंपडून हाताने चोळा, ताटात पसरा, वर मलमलचं फडकं बांधा आणि कुरडया-पापडांशेजारी तीन-चार तास कडक उन्हात ठेवा. पूर्ण खडखडीत वाळली, की ढेकळं मोडून चाळा. द्रव रंग थेट हेडमधल्या साखरेवर टाकला, तर पाणी चरचर उडतं आणि साखर एका बाजूला चिकटून हेड हादरायला लागतं. बिटाचा रस तापल्यावर तपकिरी पडतो. आमच्या मते पांढराच गोळा सगळ्यांत चांगला. वेलदोड्याच्या वासाची पांढरी साखर एकदा करून पाहा.

प्रत्यक्ष कृती

टेबल जड आणि न हलणारं घ्या. धागे चारी बाजूंना हातभर उडतात, म्हणून खाली जुनी चादर. पदर, ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या आवरून घ्या. मुलांना टेबलापासून दोन पावलं लांब उभं करा.

आधी भांडं बसवा आणि त्याच्या खटक्या लावा. मग हेड. हेडच्या खालची आडवी पिन मोटरच्या दांड्यावरच्या खाचेत नीट बसली पाहिजे. बसली की हेड एक टक्कन आवाज करून खाली जातं. बोटाने फिरवून पाहा. कुठेही घासता कामा नये आणि वर-खाली डुलता कामा नये. या दहा सेकंदांच्या तपासणीत निम्मे अपघात टळतात.

यंत्र रिकामंच चार-पाच मिनिटं चालवा. नवीन यंत्रातून पहिल्यांदा थोडा वास आणि किंचित धूर येतो, तो कारखान्यातल्या तेलाचा. दुसऱ्या खेपेला येऊ नये. या तापवण्यात घाई केली, की दाणे उडतात.

आता बटण बंद करा आणि हेड पूर्ण थांबू द्या. सपाट भरलेला एक मोठा चमचा, म्हणजे १२ ते १५ ग्रॅम साखर, हेडच्या मधोमध घाला आणि चमच्याच्या पाठीने सारखी करा. जास्त घातली तर गोळा मोठा होत नाही, उलट हेड गार पडतं आणि दाणे वरून सांडतात. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत उरका, म्हणजे हेडची ऊब टिकते. फिरत्या हेडमध्ये साखर कधीही ओतू नका.

बटण सुरू करा. आधी चार-दोन दाणे भांड्यावर टिकटिक वाजतील. अर्ध्या ते एका मिनिटात भांड्याच्या कडेला कोळिष्टकासारखी अगदी विरळ जाळी दिसेल. ती दिसली की काडी घ्या. बांबूची घ्या किंवा जाड कागदाचा शंकू करा, पण लांबी निदान फूटभर असावी, म्हणजे हात भांड्याच्या बाहेर राहतो. काडी उभी धरून भांड्याच्या आतल्या कडेने दोन-तीन वेढे फिरवा. पहिले धागे धरतच नसतील, तर ओल्या फडक्यावरून काडीचं टोक एकदाच पुसून घ्या. त्याहून जास्त ओल नको.

धागे धरले, की काडी आडवी करून भांड्याच्या तोंडाच्या किंचित वर आणा आणि बोटांत सतत फिरवत राहा. लोक इथे काडी भांड्यात खोल घालतात. तिथे हवा गरम असते, धागे दबून गोळा घट्ट आणि चिवट होतो. वर धरली, की धागे आपणहून येऊन बसतात आणि गोळा हलका होतो. कडेला चिकटून राहिलेले धागे शेवटी एका वेढ्यात गोळा करा. काडी हेडला लागू देऊ नका.

१५ ग्रॅम साखर दीड-दोन मिनिटं पुरते आणि नारळाएवढा गोळा निघतो. त्यात ६० कॅलरी असतात, म्हणजे दिसतो तेवढा तो जड नसतो. धागे संपले तरी बटण लगेच बंद करू नका. आणखी अर्धा मिनिट चालू ठेवा, म्हणजे उरलेली साखर बाहेर पडते. हेडमध्ये साखर ठेवून यंत्र बंद केलं, की ती भोकांत गोठते. पुढच्या खेपेला तीच करपून काळी होते आणि पांढऱ्या गोळ्यात तपकिरी, कडवट धागे येतात.

पाच-सहा गोळ्यांनंतर भांड्याच्या बुडाशी पडलेले दाणे झटकून टाका. सलग अर्धा तास चालवल्यावर दहा-पंधरा मिनिटं विश्रांती द्या. पत्रकात याहून कमी वेळ दिली असेल तर ती पाळा. वाढदिवसाला वीस मुलं असतील, तर फुगे फोडण्याआधीच निम्मे गोळे करायला घ्या. सगळी एकदम रांगेत उभी राहिली, की घाईत साखर जास्त पडते आणि तिथूनच बिघाड सुरू होतात.

पाकाचा थेंब हातावर उडाला, तर तो कातडीला चिकटून जाळत राहतो. ओढून काढू नका. ताबडतोब गार वाहत्या पाण्याखाली हात धरा आणि वीस मिनिटं तिथेच ठेवा. साखर आपोआप विरघळते. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा लहान मूल भाजलं असेल, तर डॉक्टरांकडे न्या.

बिघडलं तर कुठे पाहायचं

यंत्र थरथरतं: साखर एका बाजूला गेली आहे किंवा पिन खाचेत नाही. बंद करा, थांबू द्या, गार होऊ द्या, पुन्हा बसवा. थरथरत्या यंत्राला हाताने दाबून धरणं धोक्याचं आहे. हेड निसटून उडू शकतं.

धाग्यांऐवजी थेंब किंवा जाड तारा: उष्णता कमी. व्होल्टेज मोजा, पंखा पाहा, साखर कमी घाला.

दाणेच दाणे उडतात: तापवलं कमी किंवा साखर बारीक.

धागे छान निघतात, पण काडीवर येताच बसतात: हवा दमट आहे, यंत्राचा काही दोष नाही. खोली बदला.

हेड फिरतं, पण पाच मिनिटांनीही गरम नाही: हीटर तुटला असेल, किंवा जास्त तापल्यामुळे आतला थर्मल फ्यूज गेला असेल. तो फ्यूज तारेने जोडून ‘डायरेक्ट’ करून देणारे कारागीर भेटतात. तसं करू देऊ नका. त्याच मापाचा नवा बसवायला सांगा.

हीटर गरम, हेड स्थिर: दांड्याभोवती साखरेचा थर घट्ट बसलेला असतो. याचं मूळ अस्वच्छतेत आहे.

धुणं आणि ठेवणं

प्लग काढा आणि अर्धा तास जाऊ द्या. हेड सुटं करून गरम पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा. साखर पाण्यात विरघळते, म्हणून घासायची गरजच नसते. भोकांत सुई, चाकू, तारेची घासणी घालू नका. भोकं मोठी झाली, की धागा कायमचा जाड येतो. भांडं गरम पाण्याने धुवा. मोटरचा डबा पाण्यात कधीच नाही. पिळून घेतलेल्या फडक्याने पुसा, दांड्याभोवतीचा भाग खास करून. हेड कोरडं करून, बसवून, दोन मिनिटं रिकामं चालवलं, की भोकांतली उरलीसुरली ओल जाते.

हे त्याच दिवशी करा. एक रात्र गेली की साखर हवेतली ओल ओढून चिकट होते, आणि त्याआधी मुंग्या पोचतात. मुंग्या मोटरच्या जाळीतून आत गेल्या, तर झुरळाच्या फवाऱ्याचा मोह होतो. खाण्याच्या यंत्रावर तो मारू नये. डबा उन्हात ठेवा, त्या निघून जातात. मग यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खोक्यात ठेवा.

गोळे साठवायचे असतील, तर हवा कोरडी असलेल्या दिवसांतच, आणि काडीवरून उतरल्याबरोबर. जाड झिपच्या पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात भरा, दाबू नका. चपातीचा स्टीलचा डबा हवाबंद नसतो, त्यात सकाळपर्यंत खाली चिकट पाक जमतो. फ्रीजमध्येही ठेवू नका. बाहेर काढल्यावर गार पिशवीवर दव धरतं आणि पिशवी उघडताच तेच धाग्यांवर बसतं. हिवाळ्यात नीट बंद केलेली पिशवी दोन दिवस सहज जाते, पण एकदा उघडली की लगेच संपवावी.